चौथ्या ओळीच्या मागे

व्यंकटराव सरांनी चौथ्या बाकापाशी थांबून हवेत हाताने एक आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "साहेब, हितून पुढं चोवीस डिग्री पक्की पाहिजे. हितून मागं काय बी असू द्या." मी हसलो. गिऱ्हाइकाने विनोद केला की हसायचं, ही सवय मला धंद्याने लावलेली आहे. पण सर हसत नव्हते. गवंड्याला भिंत कुठून उचलायची ते दाखवावं, तसे ते दाखवत होते. "हॉल तर एकच आहे, सर," मी म्हणालो, "मधे भिंत कुठंय?" "भिंत कशाला? भिंत घातल्यावर मागच्यांना फळा कसा दिसंल?" ते म्हणाले, आणि त्यांना आपलं म्हणणं इतकं उघड वाटत होतं की माझ्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसाला ते समजावून सांगावं लागतंय याचंच त्यांना नवल वाटलं. दुपारची सुट्टी होती. हॉल रिकामा होता, पण नुकत्याच उठून गेलेल्या पोरांची ऊब अजून बाकांवर होती. घाम, खोबरेल तेल आणि डब्यातल्या भाजीचा एक जड वास पंख्याखाली फिरत होता. एसीसाठी मापं घ्यायला आणलेली टेप मी गुंडाळायला लागलो.

लातूरच्या ट्यूशन एरियात नवखा माणूस आला तर त्याला वाटेल की इथे निवडणूक लागली आहे. जिकडे बघावं तिकडे फ्लेक्सवर हसरे चेहरे, खाली मार्क, त्याखाली क्लासचं नाव. व्यंकटराव सरांच्या क्लासचा चांगला दबदबा आहे. त्यांच्याकडे दर रविवारी परीक्षा असते, सोमवारी सकाळी दारावर यादी लागते आणि यादीप्रमाणे बसायचं. डावीकडे मुली, उजवीकडे मुलं, हुशारी फळ्याजवळ आणि बाकीचं मागे. पहिल्या चार ओळी म्हणजे उद्याचे डॉक्टर. "फ्लेक्सवर जाणारी तोंडं ती," सर म्हणाले. "त्यांना उन्हाळ्यात झोप आली, डोकं धरलं, तर नुस्कान कुणाचं? मागचे मागं हायत म्हणून तर पुढचे पुढं दिसतेत. त्यांच्यासाठी गार हवेचा डक्ट मागपर्यंत न्यायचा म्हटलं तर खांबाभोवती त्याचं कव्हर येतंय, त्यात बाकांच्या दोन ओळी जातेत. का म्हणून?" माझी मुलगी मनस्विनी त्याच हॉलमध्ये नवव्या ओळीत बसते. हे सरांना ठाऊक होतं. तिच्यामुळेच त्यांना माझा पत्ता लागला होता. रेघ मारताना त्यांच्या हे लक्षात नव्हतं असं नाही. त्यांना त्यात लाजण्यासारखं काही वाटत नव्हतं, इतकंच. नववी ओळ ही नववी ओळ.

माझं काम लोकांना चटकन कळत नाही. नांदेडला एसी विकणारा दुकानदार येतो, खोलीची लांबी-रुंदी बघतो, वर नजर टाकतो आणि दोन टन, तीन टन असं काहीतरी ठोकून देतो. बहुतेक वेळा ते चालतंही. मी तसं करत नाही. मी इमारत आधी कॉम्प्युटरात बांधतो. भिंती किती जाड, स्लॅबवर ऊन किती वेळ, खिडकी पश्चिमेला की उत्तरेला, दिवे किती, माणसं किती, ती कधी येतात, कधी जातात, सगळं घालतो, आणि मग त्या इमारतीला एक अख्खं वर्ष तासातासाने जगायला लावतो. मे महिन्यातल्या दुपारी ती तापते, डिसेंबरात निवते. मला लातूरचं तासवार हवामान कुठे मिळालं नाही म्हणून मी सोलापूरचं घेतलं. आमच्या भागाला दुसऱ्याचा उन्हाळा अंगाला लावून घ्यायची सवय आहे. वर्ष संपलं की प्रोग्राम सांगतो, इथे एवढं यंत्र लागेल. आणि यंत्र कमी पडलं तर किती तास माणसं नको तेवढी तापली, तेही सांगतो. त्याला आम्ही अपुरे तास म्हणतो. मला हा शब्द पहिल्यापासून आवडत आला आहे. या भागातल्या पुष्कळ माणसांचं आयुष्य या एका शब्दात बसतं.

"तुमच्या त्या प्रोग्रामात," सरांनी जिना उतरता उतरता विचारलं, "एक पोरगं किती गरम असतंय?" "शंभर वॅट धरतो," मी म्हणालो. "बसलेलं असलं तर." "म्हंजी पयले घरात असायचा तो बल्ब," सर खूश होऊन म्हणाले. "आमच्या हॉलात दोनशे बल्ब लागलेत म्हना की. आन् तरी उजेड पडायला दोन वर्षं लागतेत!" हा विनोद होता, आणि या खेपेला मला हसता आलं नाही. खरंतर दोनशे पोरांच्या हॉलमध्ये एसीचा मोठा शत्रू म्हणजे ऊन नव्हे, पोरंच. ती तापतात आणि श्वास सोडतात. आता खिडक्या आहेत म्हणून निभतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या विटांनी बंद करायच्या होत्या, कारण पोरांचं लक्ष खालच्या रस्त्यावर जातं. बंद हॉलमध्ये गार हवा आणि ताजी हवा या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे मी सरांना तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा त्यांनी मान डोलावली, फी थकली म्हणून बापाची बिमारी सांगणाऱ्या पोरासमोर डोलावतात तशी.

शंभर वॅट हा आकडा मला कॉलेजात कळला असं मी सांगतो. विष्णुपुरीच्या आमच्या इंजिनियरिंग कॉलेजात प्राध्यापकांनी तो फळ्यावर लिहिला तेव्हा सगळ्यांनी उतरवून घेतला आणि मी तेवढा उतरवला नाही. आमचं घर औसा तालुक्यात, दगडमातीचं, वर मातीचं सपाट माळवद, भिंती अशा रुंद की खिडकीच्या कोनाड्यात आम्ही दोघं बहीणभाऊ मांडी घालून बसायचो. मे महिन्यात बाहेरून आत शिरलं की अंगावरचा घाम सुकायचा. आज त्या गुणाला मी मोठं नाव लावतो आणि त्याची फी घेतो. त्याच भिंतींनी भूकंपाच्या पहाटे सगळं गाव गाडलं. वडील गणपती बोळवून अजून चौकातच होते, आई गुरांना वैरण टाकायला उठलेली. घरात मी आणि धाकटी अयोध्या. झोपायची जागा ठरलेली होती; पोरगा दाराकडे, पोरगी आत. पोरीच्या जातीला दारात झोपवायचं नाही हे कोणी ठरवलं होतं कोण जाणे, पण गावात घरोघरी तसंच होतं, आणि दुसऱ्या दिवशी बांधावर ओळीने ठेवलेल्यांत पोरी आणि बायाच जास्त का, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. मी चौकटीखाली अडकलो होतो. तोंडाशी हवा होती. पाय आत, मातीखाली, आणि तळव्यांना अयोध्याची पाठ लागत होती. पाठ गरम होती, म्हणून मी घाबरलो नाही. मी तिला पायाने ढोसलंसुद्धा, सरक म्हणून. बाहेर लोक ओरडत होते, उजाडत होतं, आणि कधीतरी माझ्या लक्षात आलं की तळव्यांना जी ऊब लागतेय ती माझीच आहे. मग मी रडलो. लोकांनी मला ओढून काढलं तेव्हा त्यांना वाटलं, पोरगं भ्यालंय.

तेव्हापासून कुठल्याही प्रोग्रामात माणसांचा आकडा घालायची वेळ आली की माझी बोटं किबोर्डवर थोडी थांबतात. बायको मालविका म्हणते, तुम्ही हिशेब करताना देवाचं नाव घेतल्यासारखे ओठ हलवता. ती नांदेडला शाळेत शिकवते आणि तिला सगळ्या गोष्टींत ओठ हललेले दिसतात. मनस्विनीला लातूरला ठेवायचा आग्रह तिचाच होता असं मी कधीकधी मनाशी म्हणतो, पण ते खोटं आहे. आग्रह दोघांचाही होता. ज्या जिल्ह्याने माझं घर खाल्लं त्याच जिल्ह्यात पोरीला डॉक्टर व्हायला पाठवताना मला उलट एक सूड घेतल्यासारखं वाटलं होतं. पोरीला मागे ठेवायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. आणि ती नवव्या ओळीत बसली.

मोजमाप झाल्यावर मी गावाकडे वळलो. नवं गाव, म्हणजे पुनर्वसनाचं. आखीव रस्ते, पातळ भिंतींची, वर स्लॅब टाकलेली एकसारखी घरं. भूकंपात पडणार नाहीत अशी, आणि उन्हाळ्यात राहता येणार नाहीत अशी. आई, मनकर्णाबाई, अजून तिथेच राहते. मी तिच्यासाठी त्या घराचाही हिशेब कधीच करून ठेवला आहे आणि एक एसीही बसवला आहे. प्रोग्रामने सांगितला तेवढाच, ना कमी ना जास्त. तो काही गार करत नाही. कारण आई दार लावत नाही. गावात रात्री कोणीच दार लावत नाही, तीस वर्षं झाली. मीही नांदेडच्या फ्लॅटमध्ये झोपायच्या खोलीचं दार उघडंच ठेवतो. आणि तरी हिशेब करताना मी तिचं दार बंद धरलं होतं. पुस्तकात घराची दारं रात्री बंद असतात. या चुकीचं मला अजून हसू येतं, तसलं हसू.

आईला मी हॉलचं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण ती तांदूळ निवडत होती आणि ती तांदूळ निवडायला लागली की मला बोलल्याशिवाय राहवत नाही. "पुढं गार आन् मागं गरम?" ती म्हणाली. "आसं कसं रं आसंल? हवा का कुनाची चाकर हाय?" "करता येतं, आई. झोत पुढेच सोडायचा." "आन् आपली मनू?" "मागे." तिने सुपातला एक खडा काढला, बघितला, टाकून दिला. "सायबाला म्हनावं, तिला दाराशी बसवा. पुढं नको, मागं नको. दाराशी." "तिथे मार्कांप्रमाणे बसवतात, आई." "मार्कानं?" ती म्हणाली, आणि बराच वेळ सूप हलवत राहिली. "तवा म्या तिला आत झोपवली. मार्क बी न्हवते बग तवा." ती अयोध्याविषयी एवढंच बोलली. इतक्या वर्षांत ती त्याविषयी यापेक्षा जास्त कधी बोलली नाही, आणि मी विचारतही नाही.

नांदेडला येऊन मी हॉल कॉम्प्युटरात बांधला. सर म्हणाले तसा आधी बांधून बघितला. प्रोग्रामात एका हॉलचे दोन भाग करायची सोय आहे, मधे भिंत नसली तरी रेघ मारता येते. मग वर्ष चालवलं. पुढचा भाग चोवीसवर राहिला. मागचा जूनमध्ये बत्तीस-तेहतीसच्या खाली येईना, आणि हवा तर पहिल्या तासातच शिळी झाली. मागच्या भागाचे अपुरे तास लाल अक्षरांत आले. मी ते मिटवलं. मग माझ्या मनाप्रमाणे दुसरा हॉल बांधला. डक्ट मागच्या भिंतीपर्यंत, ताजी हवा सगळ्यांना सारखी, यंत्र मोठं, दोन ओळी कमी. तो हॉल वर्षभर असा शांतपणे जगला की मी चहा प्यायचा विसरून त्याचे आकडे बघत बसलो. मला स्वतःविषयी चांगलं वाटत होतं. आता आठवलं की कानशिलं गरम होतात, पण वाटत होतं खरं. एक बाप पोरीसाठी याहून जास्त काय करू शकतो, असं काहीतरी माझ्या डोक्यात चाललं होतं.

सरांनी माझे कागद उलटेपालटे करून बघितले आणि बाजूला ठेवले. रागावले नाहीत. रागावणारा माणूस परवडतो. "साहेब, तुम्ही बाप म्हनून बोलायलात," ते म्हणाले. "मी कबूल करतो. मला बी लेकरं हायत. पण मग आपण लेकरालाच विचारू की." आणि मी नको म्हणायच्या आत त्यांनी शिपायाला पाठवून मनस्विनीला बोलावून घेतलं. ती पाण्याची बाटली हातात घेऊन आली. महिन्याभरात तिला मी बघितलं नव्हतं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं आणि केस तिने आखूड कापले होते, वेळ वाचावा म्हणून. तिने माझ्याकडे बघितलं नाही. "बेटा," सर मायेने म्हणाले, आणि ती माया खोटी नव्हती, तीच तर अडचण होती. "मागं बसल्यावर काही तकलीफ होतेय का? गरम होतं? डोकं दुखतं?" "नाही सर." "बिलकुल न भिता सांग. पप्पा हायत हितं." "नाही सर. काहीच नाही." "बघा," सर मला म्हणाले, आणि तिला म्हणाले, "जा. रविवारची तयारी झाली का?" "हो सर." ती गेली. मी तिच्या पाठीकडे बघत राहिलो. कुर्ता पाठीला घामाने चिकटलेला होता, खांद्यापासून कमरेपर्यंत.

मी तिला खाली झेरॉक्सच्या दुकानापाशी गाठलं. गर्दी होती, कसल्या तरी नोट्स घ्यायला पोरं दाटीने उभी होती आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. "खोटं का बोललीस?" मी म्हणालो. "पप्पा, हळू बोला." "तुला त्रास होतो. मला दिसतोय ना. मी तुझ्यासाठी सगळा हॉल नव्याने मांडलाय, मागच्या भिंतीपर्यंत हवा येईल असा..." "माझ्यासाठी?" "मग कोणासाठी?" तिने बाटलीचं झाकण उघडलं, परत लावलं. लहानपणी रडू आवरताना ती हातातल्या वस्तूशी असंच काहीतरी करायची. पण ती रडली नाही. "रेघेचं सगळ्या क्लासला कळलंय. सरांनी ती मारली तेव्हा मागच्या पोरांचा विचार केला नाही, बरोबर?" ती म्हणाली. "कारण ती मागे आहेत. तुम्ही माझा विचार केला. कारण मी मागे आहे. तुम्ही दोघांनी पण तेच धरलं ना, पप्पा? की मी मागेच बसणार." तिने बाटली दुसऱ्या हातात घेतली. "जूनपर्यंत मी पुढे येईन असं तुमच्या हिशेबात कुठंच न्हवतं," ती म्हणाली, आणि त्या एका शब्दात तिला लातूरचं पाणी लागल्याचं मला ऐकू आलं. "मागं गरम असलं तरच जीव तोडून अभ्यास होतो. सगळीकडं सारखं गार केलं तर पुढं कोण जाईल? मारा ना रेघ. मी येते पुढं." तिच्या मागे उभ्या असलेल्या मुलीने आमच्याकडे बघितलं. तीही मागच्याच ओळीतली असावी. तिच्या नजरेतला राग माझ्यावर होता.

मी नकार द्यायला हवा होता, असं कोणीही म्हणेल. हे काम मी सोडलं असतं तर दुकानदाराने दोन मिनिटांत केलं असतं, तेही कोणी म्हणेल. हे सगळं मी एसटीत अहमदपूरपर्यंत स्वतःशी बोललो. लोह्याच्या पुढे बोलायचं संपलं. खिडकीतून गरम वारा तोंडावर येत होता आणि मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू येत होती, की माझ्या पोरीवर माझा विश्वास नाही. मला तिला वाचवायचं होतं आणि तिला जिंकायचं होतं. वाचवायला आलेला माणूस तिला अपशकुनासारखा वाटला. मला राग आला. सरांचा, तिचा, मालविकाचा, आईचाही; नातीला दाराशी बसवा म्हणणाऱ्या, आणि पोटच्या पोरीच्या वेळी ते न सुचलेल्या आईचा. हा राग मी आजपर्यंत कोणाला सांगितलेला नाही. बसमध्ये शेजारी कोणी नव्हतं हे बरं झालं.

घरी येऊन मी रेघ मारली. चौथ्या ओळीच्या मागे, सरांनी दाखवली तिथेच. डक्ट पुढेच थांबवला. दोन ओळी परत मिळाल्या. प्रोग्रामने पुन्हा लाल अक्षरं दाखवली आणि सरांना देण्याच्या अहवालात लाल अक्षरं चालणार नव्हती. त्यावर उपाय असतो. प्रत्येक भागाला काय म्हणून वापर आहे ते विचारणारी एक यादी येते; वर्गखोली, ऑफिस, जिना, गोदाम. ज्या भागात माणसांना गारवा द्यायचाच नसतो त्याला गोदाम म्हणायचं. मग तिथे कितीही तापलं तरी प्रोग्राम तक्रार करत नाही, कारण पोत्यांचे अपुरे तास कोणी मोजत नाही. मी मागच्या भागाला गोदाम म्हटलं. माणसांचा आकडा आपोआप पुसला गेला, मला हात लावावा लागला नाही. वर्ष चालवलं. अहवाल स्वच्छ निघाला. अपुरे तास, शून्य. सरांनी फोन करून सांगितलं, काम लई झकास झालं.

जूनमध्ये हॉल सुरू झाला. खिडक्यांच्या जागी नवा रंग लावलेली भिंत आली. पहिल्या रविवारची यादी लागली त्या सकाळी मनस्विनीचा फोन आला. ती धापा टाकत होती, जिना चढून आली असेल. "पप्पा, सातवी ओळ!" ती म्हणाली. "आता तीनच राहिल्या." मी म्हणालो, "शाब्बास."